केकी मूस : प्रतीक्षेच्या दंतकथेआडचा कलावंत

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मनमाड सोडले की पुढचे मोठे स्थानक लागते ते चाळीसगाव. जळगाव जिल्ह्यातील हे जंक्शन. धुळ्याकडे जाणारा फाटा १९०० साली येथूनच निघाला आणि पुढे कित्येक वर्षे धुळेकरांची मुंबईची वाट याच स्थानकावरून गेली. या स्थानकाच्या निकट एक जुना बंगला आहे. आयुष्याची सुमारे ५० वर्षे ज्याने या बंगल्याचा उंबरठा क्वचितच ओलांडला, तो कलावंत म्हणजे कैखुश्रू माणेकजी मूस. खानदेशात आणि कलाजगतात ते केकी मूस याच नावाने ओळखले जातात.

मुंबईतील एखादे व्यावसायिक कलादालन आपला वर्षाचा हंगाम आखते, तेव्हा त्यात कधी छायाचित्रांचे प्रदर्शन असते, कधी रेखाटनांचे, तर कधी रंगचित्रांचे. प्रत्येक प्रदर्शनाचा कलावंत वेगळा, रसिक वेगळे आणि ग्राहकही वेगळे. चाळीसगावच्या या बंगल्यात मात्र हा सारा हंगाम एकाच माणसाच्या हातून घडलेला आहे. छायाचित्रे, रेखाटने आणि रंगचित्रे यांच्या जोडीला शिल्पे आहेत, लाकडातील काम आहे, कागदाच्या घड्यांतून साकारलेल्या आकृती आहेत आणि हौसेने जमवलेल्या जुन्या वस्तूही आहेत. तरीही केकी मूस हे नाव निघाले की बोलणे वळते ते त्यांच्या विफल प्रेमाच्या कहाणीकडे. त्यांची कला त्या कहाणीच्या सावलीत राहिली.

मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या कुटुंबाचा व्यवसाय चाळीसगावात होता. रेल्वेमुळे भरभराटीला आलेल्या गावांत तेव्हा पारशी व्यापारी कुटुंबे स्थिरावत होती. मूस कुटुंब त्यांपैकीच एक. केकी यांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. घरचा व्यवसाय सांभाळण्यापेक्षा त्यांचा ओढा कलेकडे होता. १९३०च्या दशकात त्यांनी इंग्लंड गाठले आणि शेफिल्ड येथील बेनेट कॉलेजची कमर्शिअल आर्टची पदविका मिळवली. छायाचित्रण हा त्या अभ्यासक्रमाचा एक भाग होता. अन्य देशांतील कलाप्रदर्शने पाहून, दशक संपण्याच्या आत, ते मायदेशी परतले.

कमर्शिअल आर्ट शिकून विलायतेहून आलेल्या तरुणाला त्या काळी मुंबईत कामाची वाण नव्हती. जाहिरात संस्था, छापखाने, मासिके आणि चित्रपट कंपन्या यांना चांगल्या चित्रकाराची आणि छायाचित्रकाराची गरज होती. विशीतल्या मूस यांनी या साऱ्याकडे पाठ फिरवली आणि सव्वातीनशे किलोमीटरवरच्या चाळीसगावात कायमचा मुक्काम ठोकला. बाजारासाठी लागणारी कला ते शिकून आले होते. पुढे त्यांनी जे केले, त्यात बाजाराला जवळपास स्थान नव्हते.

या निर्णयाचे जे स्पष्टीकरण खानदेशात घरोघर सांगितले जाते, ते असे. मुंबईतील एका तरुणीवर त्यांचे प्रेम होते. चाळीसगावला निघालेल्या केकींना निरोप देताना तिने शब्द दिला, की एक ना एक दिवस आपण पंजाब मेलने चाळीसगावला येऊ आणि त्यांच्यासोबत रात्रीचे जेवण घेऊ. त्या शब्दावर विसंबून मूस रोज रात्री दोघांचे ताट मांडत, फुलांनी घर सजवत, दिवे उजळत आणि मेल स्थानकातून निघून जाईपर्यंत दार उघडे ठेवत. ती आली नाही. त्यांचा हा परिपाठ अखेरपर्यंत सुटला नाही, असे सांगतात. योगायोग असा, की पंजाब मेल आणि तिची वाट पाहणारा हा कलावंत हे दोघे एकाच वर्षाचे. ही गाडी पहिल्यांदा धावली ती १ जून १९१२ रोजी. फाळणीपूर्वी मुंबईहून पार पेशावरपर्यंत जाणारी ही गाडी नंतर फिरोजपूरपर्यंत जाऊ लागली. तिचा पल्ला आखडला. बंगल्यातील प्रतीक्षा मात्र तशीच राहिली.

कहाणी हृद्य आहे, यात वाद नाही. परंतु ती एवढी लोकप्रिय झाली, की मूस रात्री काय करीत हे सर्वांना ठाऊक झाले आणि दिवसभर काय करीत हे फारसे कोणी विचारले नाही.

दिवसभर ते काम करीत. त्यांच्या कामातील सर्वांत वेगळा भाग म्हणजे टेबलटॉप छायाचित्रण. या प्रकारात छायाचित्रकार दृश्याच्या शोधात रानोमाळ भटकत नाही. तो आपल्या टेबलावरच दृश्य उभे करतो. कापसाचे ढग होतात, मीठ किंवा पीठ पसरले की हिमाच्छादित मैदान तयार होते, काचेच्या तुकड्याचे तळे होते आणि वाळक्या काटकीचा निष्पर्ण वृक्ष. सांगायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात भिंग जितके वस्तूच्या जवळ न्यावे, तितकी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी होते. पुढची काटकी ठळक झाली तर मागचा डोंगर पुसट होतो आणि टेबलावरचा खेळ उघडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचे छिद्र अगदी बारीक करायचे आणि कमी पडणारा प्रकाश भरून काढण्यासाठी फिल्म दीर्घ काळ उघडी ठेवायची. तेवढ्या वेळात काहीही हलता कामा नये. दिव्याची जागा बोटभर चुकली तरी सावल्या खोट्या वाटू लागतात, कारण खऱ्या सृष्टीत सूर्य एकच असतो. म्हणजे या कामासाठी चित्रकाराची रचनादृष्टी, मूर्तिकाराचा हात आणि छायाचित्रकाराचे तंत्र एकत्र यावे लागते. मूस यांच्या ठायी ही तिन्ही अंगे होती. म्हणूनच त्यांच्या छायाचित्रांचा विचार रेखाटने, रंगचित्रे आणि शिल्पे यांच्यापासून तोडून करता येत नाही.

अंधाऱ्या खोलीतील कामही खानदेशात सोपे नाही. कृष्णधवल फिल्म धुण्याच्या रसायनाला साधारण २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. द्रावण तापले की प्रतिमा गरजेपेक्षा गडद होते आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो. अशा हवेत वर्षानुवर्षे छायाचित्रे धुणे आणि छापणे यासाठी चिकाटी लागते. मूस यांनी ती अखेरपर्यंत टिकवली.

व्यक्तिचित्रण हे त्यांच्या कामाचे दुसरे मोठे दालन. चेहऱ्यावरील सुरकुत्या, डोळ्यांतील ओल आणि कपाळावर पडलेला प्रकाश यांतून माणसाचे आयुष्य दाखवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. विच ऑफ चाळीसगाव या नावाचे त्यांचे छायाचित्र विशेष गाजले. बंगल्यात येऊन गेलेल्यांमध्ये विनोबा भावे, बाबा आमटे, आचार्य अत्रे अशा थोरांची नावे घेतली जातात. मूस बाहेर पडत नसले तरी बाहेरचे जग त्यांच्याकडे येत होते.

त्यांची छायाचित्रेही बाहेर जात होती. त्या काळी छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शन-स्पर्धा मोठ्या प्रमाणावर टपालाने चालत. छायाचित्रकाराने आपले मुद्रित छायाचित्र पाठवायचे, परीक्षकांनी निवड करायची आणि प्रदर्शन संपले की छायाचित्र, सूचिपत्र आणि मिळाले तर पदक परत यायचे. स्पर्धकाने उपस्थित राहण्याची गरज नसे. घर न सोडणाऱ्या कलावंताला याहून सोयीची व्यवस्था कोणती? मूस यांच्या नावावर देश-विदेशांतील सुमारे ३०० पारितोषिके सांगितली जातात.

एवढे होऊनही मुंबईच्या कलाव्यवहारात त्यांचे स्थान निर्माण झाले नाही. याचे कारण केवळ त्यांच्या एकांतप्रियतेत शोधणे योग्य ठरणार नाही. जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले; पंडोल आणि केमोल्ड ही व्यावसायिक दालने १९६३ मध्ये आली. त्यांच्या आधाराने आधुनिक भारतीय चित्रकलेला ग्राहक मिळाला, समीक्षक मिळाले आणि किंमतही मिळाली. छायाचित्राला मात्र त्या बाजारात दीर्घकाळ प्रवेश नव्हता. एका निगेटिव्हवरून अनेक प्रती निघत असतील, तर त्या वस्तूला अस्सल कलाकृती म्हणून पैसे का मोजावेत, हा ग्राहकाचा प्रश्न होता. मर्यादित प्रती, छायाचित्रकाराची स्वाक्षरी आणि प्रतीवरील अनुक्रमांक या प्रथा भारतातील दालनांत रुजायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, मूस यांचे निधन झाले, तेव्हा तो बाजार पुरता उभा राहिला नव्हता.

मूस यांनी आपल्या घराला नाव दिले होते रेम्ब्राँ यांचे. रेम्ब्राँट्स रिट्रीट, म्हणजे रेम्ब्राँ यांचे विश्रामस्थान. सतराव्या शतकातील हा डच चित्रकार छायाप्रकाशाचा स्वामी मानला जातो. त्यामुळे छायाचित्रकाराला तो गुरुस्थानी वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण या दोघांच्या चरित्रांत एक लक्षणीय विरोध आहे. रेम्ब्राँ हेही हौशी संग्राहक होते. १६५६ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले आणि चित्रे, शिल्पे, दुर्मीळ वस्तू असा सारा संग्रह लिलावात गेला. पुढे अॅमस्टरडॅममधील राहते घरही विकले गेले. कालांतराने, १९११ मध्ये, त्याच घराचे संग्रहालय झाले. परंतु त्या चार भिंतींत पूर्वी काय काय होते, हे अभ्यासकांना लिलावासाठी केलेल्या यादीवरून जुळवावे लागले. चाळीसगावच्या घरात तशी वेळ आली नाही. मूस यांची बहुतांश निर्मिती बाजारात गेली नाही, म्हणून ती विखुरलीही नाही. कलामहर्षी केकी मूस कला प्रतिष्ठानने तो वारसा त्याच वास्तूत जपला. एका कलावंताचे जवळपास संपूर्ण काम, त्याच्या वापरातील वस्तूंसह, त्याच्याच घरात पाहायला मिळणे ही महाराष्ट्रात दुर्मीळ गोष्ट आहे.

संग्रह जपण्याची परंपरा खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधनही ३१ डिसेंबरचेच, १९२६ सालचे, धुळ्यातले. त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदपत्रांना हक्काचे घर मिळाले. धुळेकरांनी तेव्हा दाखवलेली तत्परता आजही आदर्श ठरावी अशी आहे. मात्र कागदपत्रे आणि छायाचित्रे यांच्या जपणुकीत फरक आहे. चांगल्या शाईने देशी कागदावर लिहिलेला मजकूर काही शतके टिकतो. छायाचित्रातील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते आणि ते कण जिलेटिनच्या थरात बसलेले असतात. उष्णता, दमट हवा आणि धुण्यात राहून गेलेली रसायने या प्रतिमेला आतून पोखरतात. आधी पिवळेपणा येतो, मग तपशील विरतात. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते. निगेटिव्ह एकदा गेली, की प्रतीची प्रत काढण्यापलीकडे इलाज उरत नाही.

सारे काही एकाच छपराखाली असण्याचा धोकाही याच भूमीच्या इतिहासात नोंदलेला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमला गेलेला रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी चित्रकारही होता आणि छायाचित्रकारही. खानदेशच्या सीमेवर वर्षानुवर्षे राहून त्याने केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र ठेवलेली होती. १८६६ च्या आगीत ती भस्मसात झाली. १८७९ मध्ये गिल निवर्तला. त्याची कबर भुसावळला आहे. ज्या मूळ चित्रांवरून त्याने प्रती केल्या, तीही नंतरच्या काळात अधिक झिजली. त्यामुळे त्या आगीत नेमके काय गमावले, याचा हिशेब आता मांडता येणार नाही.

रेम्ब्राँ यांची चित्रे विखुरली आणि जगभरच्या संग्रहालयांत पोहोचली. गिलची चित्रे एकत्र राहिली आणि जळाली. मूस यांचे काम एकत्र आहे आणि सुदैवाने टिकून आहे. ते तसेच टिकावे आणि लोकांपर्यंतही पोहोचावे, यासाठी ते विकण्याची किंवा हलवण्याची गरज नाही. छायाचित्राला चित्रकलेच्या बाजारात ज्या गुणासाठी दीर्घकाळ हिणवले गेले, तोच गुण येथे उपयोगी पडणारा आहे. त्याच्या प्रती निघू शकतात. उत्तम प्रतीच्या डिजिटल नकला, निगेटिव्हवरून नव्याने केलेली मुद्रणे, प्रत्येक चित्राची तारीखवार सूची आणि मुंबई-पुण्याच्या दालनांतून भरणारी प्रदर्शने, एवढे झाले तर मूळ वस्तू चाळीसगावातच राहतील आणि त्यांचे दर्शन मात्र सर्वदूर होईल. सूचीची गरज विशेष आहे. कोणते चित्र कधीचे, टेबलटॉपची रचना कशी बदलत गेली, रेखाटनातील कोणती आकृती पुढे छायाचित्रात अवतरली, हे कळल्याशिवाय कलावंताची वाटचाल समजत नाही.

मुंबईचे प्रवासी आजही अजिंठ्यासाठी जळगावला उतरतात, पाटणादेवीसाठी चाळीसगावला उतरतात. मूस यांचे कलादालन स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे जाणाऱ्याने प्रेमकहाणी अवश्य ऐकावी. मात्र नंतर भिंतीवरच्या कृष्णधवल चौकटींपाशी थोडे अधिक थांबावे, टेबलावर मांडलेली ती सृष्टी खरी वाटते की नाही हे जवळ जाऊन, मग दूर होऊन पाहावे. केकी मूस यांची ५० वर्षे प्रामुख्याने त्या कामात गेली आहेत.