सुरुंगाच्या वाटेवरचा राणे : पराक्रम 1948 चा, नोंद 1950 ची

नाशिक : आपल्या जिल्ह्यात असं गाव सापडणं अवघड, जिथला एखादा तरी माणूस फौजेत नाही. नाशिक रोड कॅम्पात तर अख्ख्या तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आहे. देशभरातल्या तोफचींची सेवा, बदल्या, जखमा, पदकं, सगळं तिथल्या कागदांत असतं. कागदावर जे उतरतं तेच मागे राहतं. म्हणूनच मेजर रामा राघोबा राणे यांची गोष्ट फौजेतल्या प्रत्येक घरानं माहीत करून घ्यावी अशी आहे. त्यांनी केलं एका साली आणि सरकारदप्तरी लागलं दोन वर्षांनी. पण लागलं ते नीट लागलं.

पोलीस शिपायाचा पोरगा

राणे यांचा जन्म 26 जून 1918 चा. गाव कारवारजवळचं चेंडिया. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. वडील राघोबा पोलीस शिपाई. त्यांची बदली होईल तिकडं घर हलायचं, त्यामुळं रामाची शाळाही बदलत गेली. 1930 च्या आंदोलनाचं वारं या पोराच्या अंगात शिरलं तेव्हा वडिलांना घोर लागला. सरकारी नोकरी असलेल्या घरात हे परवडणारं नव्हतं. त्यांनी बिऱ्हाड गावी हलवलं.

1940 च्या जुलैत, वयाच्या 22 व्या वर्षी, रामा राणे मुंबई इंजिनिअर्समध्ये भरती झाले. इंजिनिअर्स म्हणजे फौजेतले सॅपर. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं आणि शत्रूनं पेरलेले सुरुंग काढणं हे त्यांचं काम. प्रशिक्षणात ते आपल्या तुकडीत सर्वोत्तम ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले. आराकानमधून माघार घेताना बुथिडाँगला काही महत्त्वाच्या गोष्टी उडवून देण्यासाठी त्यांना थोड्या जवानांसह मागं ठेवलं होतं. काम झाल्यावर न्यायला नौदलाचं जहाज येणार होतं, ते काही आलं नाही. जपान्यांची गस्त असलेली नदी स्वतःच ओलांडून हे लोक आपल्या फौजेला येऊन मिळाले. पुढं राणे हवालदार झाले, मग जमादार, आणि 15 डिसेंबर 1947 ला सेकंड लेफ्टनंट. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस साडेसात वर्षांत अधिकारी झाला.

राजौरीची वाट

1947 च्या नोव्हेंबरात जम्मूकडचं राजौरी टोळीवाल्यांच्या हाती पडलं होतं. तिथल्या लोकांचे हाल चालले होते. मार्च 1948 मध्ये आपल्या फौजेनं झांगर परत घेतलं आणि मग राजौरीकडं मोर्चा वळवला.

8 एप्रिलला डोग्रा रेजिमेंटच्या चौथ्या बटालियननं नौशेऱ्याच्या उत्तरेला सुमारे 11 किलोमीटरवरची बरवालीची धार जिंकली. पण पुढं रणगाडे जाईनात. रस्ताभर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. वाट मोकळी करायची जबाबदारी राणे यांच्या तुकडीवर आली.

काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांचे गोळे पडले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी गडी मागं फिरला नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी रणगाड्यांपुरती वाट काढली. सुरुंगांवरून सरपटत रणगाड्याखाली राहून पुढं सरकायचं आणि दोरीच्या खुणेनं चालकाला थांब की चल ते सांगायचं, असंही त्यांनी केलं. वरून मशीनगनचा मारा, खाली सुरुंग आणि डोक्यावर रणगाड्याचं लोखंड. सगळी वाट मोकळी झाली याची खात्री नसताना ते रणगाड्यांसोबत पुढं गेले.

9 तारखेला पहाटेपासून पुन्हा तेच. रस्ता जिथं फुटला तिथं वळणवाट काढायची, पाइनची झाडं आडवी असतील तर स्फोटकानं उडवायची. थोडं पुढं जावं तर नवा अडथळा. अंधार पडायला पाच मोठ्या झाडांचा अडथळा लागला, भोवती सुरुंग आणि समोर मशीनगन. त्या दिवशी रणगाडे थांबवावे लागले. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच झाडांपाशी होते. साडेसहापर्यंत वाट मोकळी.

11 तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता झाला आणि 12 एप्रिलला फौज राजौरीत पोचली. रस्ता उघडला नसता तर रणगाडे वेळेत पोचले नसते, आणि गावात अडकलेल्या लोकांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

पराक्रम झाला, पण पदकच नव्हतं

आता खरी अडचण. ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉस स्वतंत्र भारताच्या फौजेसाठी चालणार नव्हता आणि आपलं स्वतःचं सर्वोच्च पदक अजून रीतसर सुरू झालेलं नव्हतं. म्हणजे माणसानं केलं, सगळ्यांनी पाहिलं, पण लिहायला रकानाच नाही.

परमवीर चक्र 26 जानेवारी 1950 ला, प्रजासत्ताक दिनी, सुरू झालं. त्यात एक महत्त्वाचं कलम होतं : हे पदक 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांना लागू धरायचं. या एका कलमामुळं काश्मीरच्या लढाईतल्या शूरांची नावं नोंदीत येऊ शकली. पदकाचं चित्र सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटलं. मूळच्या युरोपातल्या या बाईंनी मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून हा देश आपला मानला होता.

राणे यांचं परमवीर चक्र 21 जून 1950 ला जाहीर झालं. पण नोंदीतली तारीख लागली ती 8 एप्रिल 1948. म्हणजे जाहीर झाल्याचा दिवस नाही, करून दाखवल्याचा दिवस. त्या युद्धासाठी पाच जणांना हे पदक मिळालं. तिघांना मरणोत्तर. हयात होते ते दोघेच, करम सिंग आणि रामा राणे.

हे कशामुळं जमलं? कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या अडथळ्यापाशी काय झालं हे वरच्या अधिकाऱ्यांनी वेळेवर लिहून ठेवलं होतं. दोन वर्षांनी पदक आलं तेव्हा कागद तयार होता. तो नसता तर आठवणीवर कोण विश्वास ठेवणार?

शेवटपर्यंत साधा माणूस

राणे जानेवारी 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. 28 वर्षांच्या नोकरीत युद्धाच्या अहवालांत पाच वेळा त्यांच्या नावाचा खास उल्लेख झाला. 11 जुलै 1994 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं होतं. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव मिळालं.

घरातला कागद बघा

आपल्या तालुक्यांत 1962, 1965, 1971 च्या लढाया केलेली माणसं आहेत, काही आता नाहीत. कुणाचं पदक पेटीत आहे पण डिस्चार्ज बुकात नाही. कुणाचं बुकात आहे पण हातात कधी आलंच नाही. शौर्यपदकासोबत दरमहा भत्ताही असतो, त्यामुळं हा नुसता मानाचा प्रश्न नाही. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश काढून पदकांची पानं एकदा वाचा. नोंद राहिली असेल तर कागदांच्या प्रती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि तिथून संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडं अर्ज करा. तोफखान्याचा जवान असेल तर ते ऑफिस आपल्या नाशिक रोडलाच आहे. म्हातारा माणूस बसून सांगतोय तोवर पलटणीचं नाव, ठिकाण आणि तारीख वहीत उतरवून घ्या. राणे यांच्या नावापुढं 8 एप्रिल 1948 लागली ती अशाच लिहून ठेवलेल्या तारखांमुळं.