कै. दामू धोत्रे

वाघाच्या पिंजऱ्यात शिरणाऱ्यास भीती ठाऊकच नसते, असा पुष्कळांचा समज असतो. कै. दामू धोत्रे यांचे चरित्र तो समज दूर करते.

त्यांचा जन्म १९०२ साली पुण्यात झाला. मामांची सर्कस असल्यामुळे बालपणीच त्यांस हिंस्र पशूंचा सहवास घडला. शरीराने ते ठेंगणे. परंतु अभ्यास दीर्घ व दृष्टी तीक्ष्ण. पुढे ते अमेरिकेतील सुप्रसिद्ध रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत दाखल झाले आणि बिबळ्यांच्या खेळांनी त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यातही सेवा केली. १९७३ साली ते निवर्तले. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे त्यांच्या आत्मकथेचे नाव. आता आपल्या देशात सर्कशीत वाघसिंह खेळविण्यास बंदी आहे; तथापि त्यांच्या विद्येतील बोध जुना झालेला नाही.

पशू माणसाळला तरी त्याचा मूळ स्वभाव पालटत नाही. भयाने गांगरून जो पाऊल मागे घेतो, त्याची दुर्बलता पशू तत्काळ ओळखतो. आणि ज्याने भय सर्वस्वी टाकले, तो गाफील होऊन घात करून घेतो. भय मनात असावे, पण त्याची सावधगिरी व्हावी, हेच या विद्येचे मर्म होय.

विद्यार्थिमित्रहो, नांदेडास गोदावरीला किंवा लातूरकडे मांजरेला पूर आला असता उडी टाकण्यास कोणी डिवचले, तर हे स्मरावे. पूर्वतयारीवाचून केलेले साहस हे धैर्य नव्हे. आणि अशा वेळी नाही म्हणणे हा भ्याडपणा मुळीच नव्हे.