विष्णुपंत पागनीस : नट, संत आणि प्रेक्षक

विद्यार्थी मित्रहो, साहित्यकृतीचे चित्रपटात माध्यमांतर होते तेव्हा काय बदलते, याचा विचार आपण मागील घटकात केला. तेथे कथानक, संवाद आणि काळ यांविषयी चर्चा झाली. प्रेक्षक मात्र पडद्यावर प्रथम माणूस पाहतो. ग्रंथातील व्यक्तीला एखाद्या नटाचा चेहरा मिळाला की तो चेहरा वाचकाच्या मनातील जुन्या प्रतिमेवर कधी कधी कायमचा बसतो. मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विष्णुपंत पागनीस (1892–1943) यांनी 1936 साली उभे केलेले तुकाराम. पागनिसांचे चरित्र येथे त्याच दृष्टीने दिले आहे.

रंगभूमीवरील पूर्वायुष्य

विष्णुपंतांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी येथे झाला. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा कानांवर पडणारा हा प्रदेश संगीत नाटकाच्या वेडाने भारलेला होता. गोड गळा आणि नाजूक चण असलेल्या मुलाला नाटक मंडळीत सहज जागा मिळे. विष्णुपंतही त्याच वाटेने रंगभूमीवर आले आणि स्त्री-भूमिका करणारे गायक नट म्हणून त्यांचे नाव झाले. त्या काळी स्त्रिया रंगमंचावर येत नसत. पुरुषानेच लुगडे नेसून नायिका साकारायची, ती गाऊनही दाखवायची आणि प्रेक्षकाला तिच्या सुखदुःखात ओढायचे, अशी ही कला होती. पदर सावरणे, मान वळवणे, पाऊल टाकणे, दृष्टी खाली ठेवणे, या प्रत्येक गोष्टीची तालीम असे. बालगंधर्वांनी तिला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. पागनीस त्यांच्याइतके मोठे नट नव्हते, पण घडले ते त्याच शिस्तीत.

स्त्री-भूमिका करणाऱ्या नटाच्या आयुष्यात एक कठीण वळण ठरलेले असे. वय वाढते, आवाज जाड होतो, शरीर साथ देत नाही. त्यातच 1930 नंतर बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे अर्थकारण कोसळू लागले. अनेक गुणी नटांना उतारवयात हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. विष्णुपंतांना त्यांच्या गळ्याने आधार दिला. नाटकातील पदांकडून ते भजनाकडे वळले. शास्त्रोक्त गायनाची बैठक आणि भजनाची साधी चाल यांचा मेळ त्यांच्या आवाजात उत्तम बसला होता.

प्रभात आणि तुकारामांची निवड

1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली. संतचरित्रावर बोलपट काढण्याचा तिचा एक मोठा प्रयत्न 1935 मध्ये झाला होता. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’ या त्या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका स्वतः बालगंधर्वांनी केली. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका नट पडद्यावर येणार, म्हणून अपेक्षा मोठी होती. पण ती पुरी झाली नाही. प्रेक्षकाला तेथे एकनाथांपेक्षा बालगंधर्वच दिसत राहिले, असे त्या अपयशाचे कारण मला वाटते. फार परिचित चेहऱ्याला दुसरा माणूस होणे जड जाते.

पुढच्याच वर्षी विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हाती घेतला. पटकथा शिवराम वाशीकरांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. तुकारामांसाठी पागनिसांचे नाव पुढे आले तेव्हा प्रभातमध्येही शंका व्यक्त झाल्या, असे सांगितले जाते. शंका स्वाभाविक होती. आयुष्यभर नायिका साकारलेल्या नटाच्या हालचालींत बायकी लकब उरणारच. मग तो पुरुष म्हणून, त्यातही संत म्हणून, पटणार कसा?

माझ्या मते जिची भीती वाटत होती तीच गोष्ट या भूमिकेचे बळ ठरली. वारकरी परंपरेत विठ्ठल ‘माउली’ आहे आणि भक्ताचा स्वर पुष्कळदा स्त्रीचा आहे. तुकारामांच्या गाथेत गौळणी आहेत, विराण्या आहेत. त्यांत कवी स्त्री होऊन बोलतो. पागनिसांनी स्त्री-भूमिकेतून कमावलेले मार्दव, खाली झुकलेली दृष्टी, बोलताबोलता गाण्यात शिरण्याची सहजता, हे सारे या तुकारामाच्या अंगी सहज मिसळले. नाटकी हातवारे मात्र त्यांनी पूर्णपणे टाकले. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी जो मोठेपणा लागतो तो कॅमेऱ्यासमोर लागत नाही, हे त्यांना उमगले होते. भूमिका केली तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते. देहूच्या तुकारामांनी परंपरेनुसार बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जगाचा निरोप घेतला. म्हणजे वयाचाही मेळ जमला होता.

ग्रंथातून पडद्याकडे

चित्रपटाचे कथानक मुख्यतः महिपतींनी (1715–1790) ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांत रूढ केलेल्या संतचरित्राच्या परंपरेतून आले आहे. गाथा इंद्रायणीत बुडविणे व ती तरून वर येणे, शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा नाकारणे, वैकुंठगमन, हे प्रसंग कीर्तनकारांनी घरोघरी पोहोचविलेले होते. परंपरेत विरोधक म्हणून मंबाजीचे नाव अधिक परिचित आहे. चित्रपटात ते काम सालोमालो करतो. तुकारामांच्या रचना तो आपल्या नावावर खपवू पाहतो. खलनायकाला अशी कवित्वाची हाव देणे ही पटकथाकाराची चतुराई होय. साहित्याच्या विद्यार्थ्याने तिची अवश्य नोंद घ्यावी.

प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक होती, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे काय होणार ही उत्सुकता त्याला नव्हती; ऐकलेले डोळ्यांनी पाहण्याची ओढ होती. म्हणून नटावरचा भार वाढला. नट थोडा जरी खोटा वाटला असता तरी सारा डोलारा कोसळला असता.

या भाराचा मोठा वाटा जिजाईने उचलला, हेही सांगितले पाहिजे. ही भूमिका करणाऱ्या गौरी प्रभातमध्ये किरकोळ कामांपासून सुरुवात केलेल्या नटी होत्या. म्हशीची निगा राखणारी, पोरांच्या पोटाची चिंता वाहणारी आणि मूल आजारी पडल्यावर थेट विठोबावर चप्पल उगारणारी ही बाई प्रेक्षकांच्या ओळखीची होती. तिच्या तोंडचा खणखणीत संताप आणि तुकारामांचे हसरे मौन समोरासमोर आले की संतपण उपदेशातून सांगावे लागत नसे. रानात भाकरी घेऊन आलेली जिजाई आणि तिच्यासोबत जेवायला बसलेले तुकाराम, हे दृश्य मराठी चित्रपटातील दांपत्यजीवनाचे एक अत्यंत कोवळे चित्र आहे. पागनिसांचा अभिनय तेथे ऐकण्यात आहे. ती बोलते आणि ते ऐकतात.

प्रेक्षकांचा प्रतिसाद

डिसेंबर 1936 मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात चित्रपट लागला आणि तेथे सलग 57 आठवडे चालला. इतका दीर्घ मुक्काम त्या काळी अभूतपूर्व होता. शहरी थिएटरांतून तो फिरत्या तंबूंत गेला आणि खेड्यापाड्यांत पोहोचला. लोक पादत्राणे बाहेर काढून आत जात, पडद्यावर तुकाराम दिसताच हात जोडत, अशा आठवणी आजही सांगितल्या जातात. प्रत्येक आठवण तपासता येत नसली तरी त्यांचा एकंदर सूर एकच आहे. प्रेक्षकाने येथे अभिनयाचे मूल्यमापन केले नाही, दर्शन घेतले.

येथे थोडे थांबून विचार करावा. दर्शन घेणारा प्रेक्षक अभिनयाला दाद देतो की त्याकडे दुर्लक्ष करतो? पागनिसांची कसबी मेहनत जितकी अदृश्य झाली तितका प्रेक्षक त्यांच्या पाया पडला. आणि जितका पाया पडला तितके नट म्हणून त्यांचे श्रेय कमी झाले. वर्षानुवर्षांच्या तालमीला लोकांनी ईश्वरी कृपा मानले. कलावंताला यापरता मोठा सन्मान नाही आणि याहून मोठा अन्यायही नाही. तो नट होता, ही गोष्टच लोक विसरले.

याच्या उलट बाजूला व्हेनिस आहे. 1937 च्या व्हेनिस आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘संत तुकाराम’चा गौरव झाला आणि भारतीय चित्रपटाला परदेशात मिळालेल्या पहिल्या मोठ्या मान्यतांपैकी ती एक ठरली. तेथील प्रेक्षकाला विठोबा ठाऊक नव्हता, अभंगाचा अर्थ कळत नव्हता, हात जोडण्याचे कारण नव्हते. त्याच्यासमोर होता तो केवळ चित्रपट आणि त्यातील माणसे. श्रद्धेचा आधार काढून घेतल्यावरही ही कृती उभी राहिली, याचा अर्थ तिच्यात श्रद्धेपलीकडचे कसब होते. पुढील काळात कलासमीक्षक गीता कपूर यांनी सत्यजित राय यांच्या ‘देवी’सोबत या चित्रपटाचा अभ्यास केला. अशा लेखनामुळे भाविकांचा चित्रपट म्हणून बाजूला ठेवलेली ही कृती गंभीर चर्चेत आली.

प्रेक्षकांच्या विश्वासाचा आणखी एक परिणाम साहित्याच्या दृष्टीने फार बोलका आहे. चित्रपटात तुकारामांच्या मूळ अभंगांबरोबर शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेले एक पद आहे. बीज आणि त्यातून वाढणारा वृक्ष ही त्यातील कल्पना आहे. पागनिसांच्या मुखातून ते इतके स्वाभाविक वाटले की असंख्य श्रोत्यांनी ते तुकारामांचेच मानले. भजनांत ते गाइले जाऊ लागले. जाणकारही गाथेत त्याचा शोध घेऊ लागले, असे सांगतात. आठवल्यांची शब्दकळा समर्थ होती हे खरे. पण पदाला तुकारामांची मुद्रा मिळाली ती नटाच्या चेहऱ्यामुळे. दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवणारा सालोमालो ज्या चित्रपटात खलनायक आहे, त्याच चित्रपटातून एका कवीची रचना नकळत तुकारामांच्या नावावर जमा व्हावी, हा योगायोग गमतीचा खरा.

नफ्याबरोबर तोटाही झाला. सुमारे साडेचार हजार अभंगांच्या गाथेतील तुकाराम केवळ सौम्य नाहीत. ते दांभिकांवर तुटून पडतात, देवाशी भांडतात, स्वतःच्या मनाची निर्दयपणे झडती घेतात; त्यांची भाषा प्रसंगी शिवराळ होते. पागनिसांच्या तुकारामांत हा दाह जवळजवळ नाही. तेथे संताप जिजाईच्या वाट्याला आला आणि शांती तुकारामांच्या. नाट्य म्हणून ही वाटणी सुंदर आहे. कवीचे चित्र म्हणून ती अपुरी आहे. नंतरच्या वाचकांना गाथा उघडताना हा सौम्य चेहरा बाजूला सारावा लागला. दोष नटाचा म्हणता येत नाही. महिपतींच्या चरित्रातच संताची क्षमाशीलता ठसठशीत आहे आणि पटकथेने तोच धागा पुढे नेला.

उत्तरायुष्य

यशानंतर पागनिसांकडे भूमिका आल्या त्या संतांच्याच. रणजित कंपनीच्या ‘संत तुलसीदास’ (1939) मध्ये ते तुलसीदास झाले, प्रकाश पिक्चर्सच्या ‘नरसी भगत’ (1940) मध्ये नरसी मेहता. हिंदी प्रेक्षकांनीही त्यांना आपलेसे केले. पण मराठी माणसाच्या मनात त्यांची जागा एकच राहिली. त्यांनी वास्तव जीवनातही तुकोबांसारखी राहणी स्वीकारली, अशी आख्यायिका पसरली. तिच्यात तथ्य किती, यापेक्षा लोकांना ती खरी असावीशी वाटली, हे अधिक लक्षणीय आहे.

प्रभातने याच परंपरेत 1940 मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. त्यातील ज्ञानेश्वर साकारणारे शाहू मोडक ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले होते आणि प्रेक्षकांनी त्यांनाही मनोभावे स्वीकारले. मोडकांनी पुढे अनेकदा कृष्ण रंगविला, वेगवेगळ्या भूमिका केल्या आणि नट म्हणून दीर्घकाळ वावरले. पागनिसांना तेवढा अवधी मिळाला नाही. 1943 च्या ऑक्टोबरमध्ये, वयाची 51 वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे उरले ते छायाचित्र. डोक्याला पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ आणि डोळ्यांत किंचित हसू असलेला हा चेहरा दिनदर्शिकांवर आणि तसबिरींत दिसू लागला. पुष्कळ घरांत तो देव्हाऱ्याशेजारी टांगला गेला. त्या तसबिरीखाली नाव तुकारामांचे असे.

स्वाध्याय म्हणून ‘संत तुकाराम’ हा चित्रपट मिळवून पाहावा. पाहताना जिजाई बोलत असताना पागनिसांच्या चेहऱ्यावर काय घडते, तेवढेच टिपून ठेवावे. त्यानंतर गाथेतील विराण्या आणि दांभिकांवरील अभंग सलग वाचावेत. वाचताना कोणत्या अभंगापाशी पागनिसांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि कोणत्या अभंगापाशी तो येईनासा होतो, त्यांची नोंद आपल्या वहीत करावी.