सोळा घरांचा क्रम : कै. पं. भातखंडे
(द्वितीय वर्ष, कला)

गणपतीत भाईंदरला आमच्या आळीत बेंजो पार्टी येते. गेल्या वर्षी तिच्या एका वादकाकडे चपटी पेटी होती. तिला ओळीने सोळा बटणे. जे बटण दाबावे त्या घरात ठोका पडतो, आणि सोळावे घर झाले की फिरून पहिले. असा एक ठेका भरायचा, मग दुसरा. पहिला तीनदा, दुसरा एकदा, अशी साखळी जोडायची, की पेटी आपली आपण वाजत राहते. तिला सीक्वेन्सर म्हणतात, म्हणजे क्रम लावणारे यंत्र.

पुढे ग्रंथालयात एक जुने पुस्तक उघडले तर तीच सोळा घरे कागदावर! पुस्तकाचे नाव 'क्रमिक पुस्तक मालिका'. कर्ते विष्णु नारायण भातखंडे.

पंडितजींचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घराणे गवयांचे नव्हे. कॉलेजात शिकत असतानाच त्यांना सतारीचा नाद लागला. 1885 साली ते बी.ए. झाले, 1887 साली एलएल.बी. झाले, काही काळ कराचीतही त्यांनी वकिली केली. पुढे पत्नी गेली, पाठोपाठ एकुलती एक मुलगी गेली. संसार असा उठल्यावर हा मनुष्य संगीताच्या शोधात हिंदुस्थानभर फिरू लागला.

त्या काळी चीज म्हणजे घराण्याची ठेव. मुलाला, जावयाला मिळायची. परक्याला सहजी नाही. उस्ताद गेला की ठेवही त्याच्याबरोबर जायची. पंडितजींनी दारोदार जाऊन चिजा मिळवल्या, रामपूरच्या नवाबांचे शिष्यत्वही पत्करले, आणि मिळाले ते लिहून ठेवले.

त्यांची लिपी सोपी आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांची सोळा घरे, चार-चारांचे चार विभाग. समेला फुली, खालीला शून्य, उरलेल्या टाळ्यांना आकडे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र स्वराला टिंब खाली, तार स्वराला वर. आधी अस्ताईच्या ओळी, मग अंतऱ्याच्या. अंतरा संपला की पुन्हा अस्ताई. साखळी तीच.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. पेटीचे आवर्तन पहिल्या घरापासून सुरू होते. त्रितालातली चीज पुष्कळदा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीवरून उठते आणि पुढच्या समेवर येते. त्यामुळे अशा चिजेत अंतऱ्याच्या शेवटच्या आवर्तनातली मागली आठ घरे अस्ताईच्या मुखड्यासाठी मोकळी ठेवावी लागतात. ती भरून टाकली तर साखळी तिथेच तुटते.

सहा भागांच्या या मालिकेत शेकडो चिजा आल्या. रागांची त्यांनी दहा थाटांत मांडणी केली. 1916 साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय (1918) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (1926) त्यांच्याच प्रयत्नांतून उभे राहिले. अखेरची वर्षे पक्षाघाताने अंथरुणात गेली. 19 सप्टेंबर 1936 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. दोन घरांमधली मींड कागदावर पुरती उतरत नाही. पुस्तक वाचून कोणी गवई होत नाही. पेटीचेही तेच. 1982 साली मुंबईतच चरणजित सिंग यांनी अशा यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तिथेही कोणता सूर कोणत्या घरात बसवायचा हे राग जाणणाऱ्यालाच ठरवावे लागले.

परंतु ज्याच्या घरात कोणी उस्ताद नाही, त्याने आरंभ कोठून करावा? आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आईला अक्षरओळख नाही. तरी ते पान मला उघडता आले, कारण एका वकिलाने ते माझ्यासारख्या परक्यासाठीच लिहिले होते.

त्यातल्या एका पानाची नक्कल मी वहीत उतरवली आहे. यंदा बेंजो पार्टी आली की त्या वादकाला ती देणार आहे. मागली आठ घरे मोकळी ठेव, हेही सांगणार आहे.