क्रोमार्टीचा पाथरवट : ह्यू मिलर

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर क्रोमार्टी नावाचे छोटे बंदर आहे. ह्यू मिलर यांचा जन्म तिथे १० ऑक्टोबर १८०२ रोजी झाला. वडील जहाजाचे कप्तान. १८०७ मध्ये ते समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत. शाळा सुटली आणि सतराव्या वर्षी ह्यू दगडाच्या खाणीत पाथरवटाचे काम शिकू लागले. पुढे जुन्या माशांच्या जीवाश्मांवर त्यांनी १८४१ मध्ये 'द ओल्ड रेड सँडस्टोन' हे पुस्तक लिहिले आणि नाव कमावले.

त्यांचे आणखी एक काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. स्कॉटलंडच्या प्राचीन पिक्ट लोकांनी शिळांवर चंद्रकोर, आरसा, कंगवा, प्राणी अशी चिन्हे कोरली. हिल्टन ऑफ कॅडबॉल येथील, इसवी सन ८०० च्या सुमाराची शिळा त्यांतली अतिशय देखणी. १६७६ मध्ये तिची क्रूस असलेली बाजू चक्क तासून थडग्याचा दगड केला गेला! मिलर यांनी या परिसरातल्या शिळा आणि त्यांच्या दंतकथा लिहून ठेवल्या. हा नाश त्यांना फार लागला. छिन्नी हाती धरलेल्या माणसाला त्या कोरीवकामामागचे कष्ट कळत होते.

आजारपणाने खचून २४ डिसेंबर १८५६ रोजी त्यांनी आपले आयुष्य संपवले.

तासलेल्या बाजूचे हजारो तुकडे आणि शिळेचा खालचा भाग २००१ पर्यंतच्या उत्खननांत सापडला. मूळ शिळा एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्रोमार्टीतले मिलर यांचे गवताने शाकारलेले घरही जपलेले आहे. मंडळी, उत्तरेकडे सहल काढलीत तर दोन्ही जरूर पाहा आणि मुलांनाही दाखवा.