सावळगीचे जत्ती आणि ती एक सही

उपराष्ट्रपती म्हणजे राज्यसभा चालवणारा, एवढंच आपण धरून चालतो. जमखंडी तालुक्यातल्या सावळगीचे बसप्पा दानप्पा जत्ती यांच्यावर मात्र वेगळी वेळ आली. कोल्हापुरात कायदा शिकून त्यांनी जमखंडीत वकिली केली. पुढे म्हैसूरचे मुख्यमंत्री आणि १९७४ ला उपराष्ट्रपती झाले. ११ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले आणि कारभार जत्तींकडे आला.

एप्रिलमध्ये जनता सरकारनं नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचा सल्ला दिला. काँग्रेसमध्ये मुरलेल्या जत्तींनी सही लांबवली, गदारोळ झाला. पण ४२ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक होता. ३० एप्रिलला त्यांनी सही केली. जुलैत संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले, जत्ती परत उपराष्ट्रपतीच्या कामाला लागले.