माझगावचे काका बॅप्टिस्टा

डॉकयार्ड रोड स्थानकानजीकच्या टेकडीवर जी बाग आहे, तिच्यातून मुंबई बंदराचा विस्तीर्ण देखावा दिसतो. टेकडीच्या पोटात भंडारवाड्याचा जलाशय आहे. माथ्यावर एके काळी माझगावचा किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९-९० साली माझगाव व्यापले होते, त्या धामधुमीत हा किल्ला नष्ट झाला. बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. सायंकाळी तेथे विसावणाऱ्या किती जणांना हे गृहस्थ कोण होते, हे सांगता येईल? नाव फलकावर उरले आणि माणूस विस्मृतीत गेला, अशी ही अवस्था आहे.

बॅप्टिस्टांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावातील माथारपाखाडी या वस्तीत झाला. घराणे मूळचे वसई परिसरातील उत्तन गावचे. ज्या समाजाने पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, त्या मराठीभाषी ख्रिस्ती समाजाचे ते सुपुत्र. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. काही काळ त्यांनी वनखात्यात नोकरी केली. मग इंग्लंड गाठून केंब्रिजची पदवी घेतली व ते बॅरिस्टर झाले. सुस्थितीत आयुष्य घालविण्यास एवढी शिदोरी पुरेशी होती. परंतु लोकमान्य टिळकांशी जडलेल्या स्नेहाने त्यांच्या जीवनाची दिशा ठरविली.

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी लोकमान्यांना कायद्याचे साहाय्य केले. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आणि चिटणीसपद न. चिं. केळकरांकडे आले. पुढील वर्षी ते लीगच्या कार्यासाठी विलायतेस गेले व तेथील मजूर पक्षाची सहानुभूती मिळविण्याच्या खटपटीस लागले. लोकमान्यांच्या सुप्रसिद्ध घोषणेच्या शब्दयोजनेतही त्यांचा वाटा होता, असे परंपरेने सांगितले जाते. लोकांनी त्यांना ‘काका’ म्हटले. एका ख्रिस्ती बॅरिस्टराला महाराष्ट्राने हे घरगुती नाव द्यावे, यातच त्यांच्या लोकसंग्रहाचे सारे रहस्य आहे.

तथापि राजकीय स्वातंत्र्य हेच त्यांचे एकमेव क्षेत्र नव्हते. माझगावच्या सभोवती गोद्या, कारखाने आणि रेल्वेच्या कर्मशाळा होत्या. कष्टकऱ्यांचे जिणे त्यांच्या दारापुढेच चालले होते. टपालखात्यातील कामगारांच्या संघटनेत त्यांनी लक्ष घातले. १९२० च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते आणि १९२१ च्या झरिया येथील दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. कामगार संघटनांना कायद्याची मान्यता देणारा अधिनियम आला तो १९२६ साली. म्हणजे ज्या काळी संघटना करणे हेच जोखमीचे होते, त्या काळी हे बॅरिस्टर कामगारांच्या बाजूने उभे होते. आज पगारवाढ व महागाईभत्ता यांवर हक्क सांगणाऱ्या प्रत्येक कारकुनाने आणि शिक्षकाने हे ध्यानी घ्यावयास हवे.

मुंबई महापालिकेतही विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९२५-२६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष होते. याच पदाला १९३१ पासून महापौर हे नाव मिळाले. १९२२ च्या दुरुस्तीपर्यंत पालिकेचा मताधिकार मुख्यतः मालमत्ताधारक करदात्यांपुरता होता; त्यानंतर तो भाडेकऱ्यांच्या मोठ्या वर्गापर्यंत पोहोचला. नगरशासन धनिकांच्या हातून सामान्य नागरिकांकडे सरकू लागले, त्या संक्रमणकाळात हे पद कामगारांच्या या पुढाऱ्याकडे आले, हे अर्थपूर्ण आहे. १९३० च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

आता प्रश्न आपला आहे. माझगावात पोर्तुगीज काळापासून उभे असलेले ग्लोरिया चर्च बंदराकडील रेल्वेच्या कामासाठी पाडले गेले आणि १९१३ मध्ये भायखळ्यास नव्याने उभे राहिले. विकासाला जागा लागते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणी सांगावयास नको. परंतु त्याच शास्त्राचा दुसरा धडा असा, की ज्या वस्तूचा बाजारात भाव होत नाही, ती बाजार राखत नाही. माथारपाखाडीतील लाकडी जिन्यांच्या घराखालच्या जमिनीला चौरस फुटाचा दर आहे. त्या घरातील आठवणीला दर नाही. म्हणून ती राखण्याचे काम समाजाने, म्हणजे आपणच, पत्करले पाहिजे. एकट्या घरमालकावर त्याचा भार टाकणे अन्यायाचे होईल. जुन्या घराची डागडुजी खर्चाची असते, आणि त्याचा लाभ सर्वांना होत असेल तर मालमत्ता कराच्या सवलतीच्या रूपाने सर्वांनी तो वाटून घेणे न्यायाचे.

दुसरे काम त्याहून स्वस्त आहे. प्रत्येक विभागातील शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या वस्तीचा इतिहास लिहून काढावा. वृद्धांच्या आठवणी, चर्च-मंदिरांच्या नोंदवह्या, जुन्या भाडेपावत्या, संघटनांची इतिवृत्ते ही सारी साधने अद्याप घराघरांतून पडून आहेत. एकेका घराच्या पुनर्बांधणीबरोबर ती रद्दीत जातात. बागेच्या फलकाखाली बॅप्टिस्टांच्या कार्याच्या चार ओळी मराठीत कोरण्यास खर्च तो किती येणार?

पुतळे नेत्यांना मोठे करीत नाहीत. नागरिकांना आपल्या हक्कांचा उगम ठाऊक असला, म्हणजे नेते आपोआप स्मरणात राहतात. ज्या वस्तीला आपला काल माहीत नाही, तिचा उद्या दुसरेच कोणी ठरवितात. माझगावावर ती पाळी येऊ नये.